फेसाखालचा देश

१८३८ साली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, प्ल्झेन गावच्या लोकांनी बिअरची छत्तीस पिंपं टाऊन हॉलसमोर आणली आणि भर चौकात ओतून दिली. बिअर वाईट झाली होती, म्हणून. १२९५ साली राजा वाच्लाव दुसरा यानं हे गाव वसवलं तेव्हाच तिथल्या घरमालकांना बिअर बनवून विकायचा हक्क मिळाला होता. पाचशेहून जास्त वर्षं पिढ्यानपिढ्या चालत आलेला हक्क, आणि पिंपातून निघतंय काय, तर आंबलेलं, पिण्याजोगंही नसलेलं पाणी! गावाला ते जिव्हारी लागलं.

चेक लोकांचं बिअरवरचं प्रेम समजून घ्यायचं तर या चौकापासून सुरुवात करावी. बिअर पिणारे लोक जगात सगळीकडे आहेत. वाईट बिअर हा गावाच्या इभ्रतीचा प्रश्न मानून ती चव्हाट्यावर ओतणारे आणि मग गप्प न बसता कामाला लागणारे लोक मात्र थोडे.

कामाला लागले म्हणजे काय केलं? हक्कदार घरमालकांनी एकत्र येऊन सामायिक कारखाना बांधायचं ठरवलं आणि बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा तिशीच्या आतला बिअर बनवणारा बोलावून घेतला. त्याच्या हाताशी चार गोष्टी आल्या. प्ल्झेनचं अतिशय मऊ पाणी. जवळच्या झातेत्स भागातली सुवासिक हॉपची फुलं. बव्हेरियातलं, थंडीत सावकाश काम करणारं आणि तळाशी बसणारं यीस्ट. आणि इंग्लंडमधून आलेली भट्टीची नवी पद्धत. या भट्टीत मोड आणलेल्या बार्लीला धूर लागत नसे, ती करपत नसे, तिचा रंग फिका राही. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी ग्रोलनं पहिला घाणा लावला आणि ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, ती बिअर लोकांच्या हातात पडली. तोवर बिअर म्हणजे बहुधा काळपट, तपकिरी पेय. ही सोनेरी होती, नितळ होती आणि वर पांढराशुभ्र फेस होता. गावाचं जर्मन नाव पिल्झेन. तिथली म्हणून ती पिल्सनर. आज मुंबई-पुण्याच्या बारमध्ये जी फिकट सोनेरी लागर ग्लासात पडते तिचं कूळ शोधत गेलं तर ते याच तळघरात पोचतं. या कारखान्याखाली खडकात खोदलेली सुमारे नऊ किलोमीटर लांबीची भुयारं आहेत. यंत्रानं थंडावा करता येण्याआधी बर्फ भरून तिथे बिअर मुरवत असत.

ग्रोल मात्र प्ल्झेनमध्ये टिकला नाही. १८४५मध्ये करार संपला आणि तो आपल्या फिल्सहोफेन गावी परतला. १८८७ साली, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिथल्या नेहमीच्या बिअरगृहात, नेहमीच्या टेबलावर बिअर पिता पिता त्याला मरण आलं.

चेक माणसाच्या रोजच्या आयुष्यात बिअरची जागा दारूच्या दुकानात नसते, ती होस्पोदात असते. होस्पोदा म्हणजे गल्लीतला, गावातला बसायचा अड्डा. लाकडी टेबलं, बाकडी, भिंतीवर गावच्या फुटबॉल संघाचे फोटो, आत शिरल्याबरोबर येणारा माल्टचा आणि तळलेल्या मांसाचा वास. टेबलावर अनोळखी माणसाशेजारी बसायला कुणाला संकोच नाही, जागा रिकामी आहे का एवढं विचारायचं आणि बसायचं. वेटर मागणीची वाट पाहत नाही. पुठ्ठ्याची चकती समोर टाकतो, त्यावर अर्ध्या लिटरचा ग्लास ठेवतो आणि कागदाच्या एका चिटोऱ्यावर पेन्सिलीनं उभी रेघ ओढतो. ग्लास संपत आला की दुसरा येतो, दुसरी रेघ पडते. थांबायचं असेल तर बोलायची गरज नाही, चकती ग्लासावर झाकण म्हणून ठेवायची. मग वेटर रेघा मोजतो आणि पैसे सांगतो. हा चिटोरा सांभाळून ठेवायचा असतो. तो हरवणं किंवा त्यावर आपल्या हातानं काही लिहिणं हा अड्ड्यावरचा मोठा अपराध.

बिअर ओतणाऱ्याला तिथे वेगळा मान आहे. त्याचं काम उभं राहून बघण्यासारखं असतं. तो ग्लास आधी गार पाण्यात बुडवून काढतो. कोरड्या काचेवर बुडबुडे चिकटतात आणि फेस फुटतो, म्हणून काच ओली आणि थंड हवी. मग ग्लास तिरका धरून तोटी थोडीशीच उघडतो. पहिल्यांदा बिअर येतच नाही, येतो तो दाट, ओलसर, सायीसारखा फेस. तो बोटभर-दोन बोटं जमला की तोटीचं तोंड त्या फेसात बुडवायचं आणि मग ती पूर्ण उघडायची. बिअर फेसाखालून चढत जाते, हवेला कुठे शिवत नाही. ग्लास सरळ होतो, फेस काठावर येतो, तोटी बंद. सगळं काही क्षणांत होतं. चांगल्या हातानं ओतलेली बिअर पीत गेलं की प्रत्येक घोटामागे ग्लासाच्या आतल्या बाजूला फेसाचं एक पांढरं कडं राहतं. जुने जाणते ती कडी बघून ग्लास नीट धुतला होता की नाही ते सांगतात.

ओतण्याचे प्रकारही ठरलेले आहेत आणि त्यांना नावं आहेत. नेहमीची ती ‘ह्लादिन्का’. निम्म्याहून जास्त फेस असलेली ‘श्नित’, ही थोडीशीच प्यायची इच्छा असलेल्यासाठी. आणि जवळजवळ सगळा ग्लास फेसाचाच असेल तर ती ‘म्लीको’, म्हणजे दूध. ती फेस जिवंत आहे तोवर झटकन पिऊन टाकायची. नवख्याला वाटतं, आपल्याला फेस देऊन फसवलं. तिथे फेस हा बिअरचाच भाग आहे आणि तो कमी असला तरच तक्रार होते. बाटल्यांवर आणि पाट्यांवर जे १० किंवा १२ अंश लिहिलेले असतात तेही परक्याला गोंधळात टाकतात. तो मद्यार्काचा आकडा नव्हे. कार्ल बालिंग या प्रागच्या रसायनशास्त्रज्ञानं १८४३ साली बसवलेलं हे मोजमाप, आंबवण्याआधी द्रवात बार्लीचा अर्क किती होता ते सांगणारं. बारा अंशांच्या बिअरमध्ये मद्यार्क पाच टक्क्यांच्या आसपास असतो. चेक माणूस आत येऊन ‘एक दहा’ किंवा ‘एक बारा’ एवढंच म्हणतो, आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या प्रयोगशाळेतलं मोजमाप असं रोज संध्याकाळी तोंडी चालतं.

दरडोई बिअर पिण्यात हा देश अनेक वर्षं जगात पहिला आहे. लहान मुलं, म्हातारे, न पिणारे सगळे धरून वर्षाला माणशी सव्वाशे लिटरांच्या पुढे, म्हणजे अर्ध्या लिटरचे अडीचशे ग्लास. लोकसंख्या साधारण एक कोटी. पण या आकड्यांवरून काही कळत नाही. एवढी बिअर पिणाऱ्या देशात गोंगाट आणि मारामाऱ्याच होत असतील, असं वाटेल. तिथे झाले ते विनोद आणि कादंबऱ्या.

यारोस्लाव हाशेक या लेखकापासून ही गोष्ट दिसते. १९११च्या निवडणुकीत या माणसानं प्रागच्या विनोह्राडी भागातल्या एका बिअरच्या अड्ड्यावर पक्ष उभा केला. नाव, ‘कायद्याच्या चौकटीत राहून माफक प्रगती करणारा पक्ष’. ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य होतं, कायद्याबाहेरची प्रगती मागणारे तुरुंगात जात होते, आणि हाशेक रोज रात्री टेबलावर उभा राहून मतदारांना खिशात मावणारं मत्स्यालय द्यायचं वचन देत होता. लोक भाषण ऐकायला येत, हसत, बिअर पीत. अड्ड्याचा धंदा वाढला. मतं किती पडली हे कुणी विचारत नाही, पण त्या वर्षीच्या गंभीर उमेदवारांपैकी आज कुणाचं नाव कुणाला आठवत नाही आणि हाशेकचा पक्ष आठवतो.

मग महायुद्ध झालं आणि हाशेकचा ‘श्वेइक’ आला. १९२१ ते १९२३ या काळात लिहिलेल्या या कादंबरीची खरी सुरुवात ‘उ कालिखा’ नावाच्या होस्पोदात होते. सारायेवोत युवराजाचा खून झाल्याची बातमी आली आहे, गुप्त पोलीस कोपऱ्यात बसून लोकांना बोलतं करायला बघतो आहे आणि मालक पालिवेत्स राजकारणात तोंड घालत नाही. भिंतीवरची सम्राटाची तसबीर का काढली, एवढंच पोलीस विचारतो. माश्या तिच्यावर घाण करत होत्या म्हणून काढून ठेवली, असं पालिवेत्स खरं खरं सांगतो. या खरेपणासाठी त्याला दहा वर्षांची शिक्षा होते. पुढे श्वेइक आघाडीवर जाताना वोदिच्का या सोबत्याचा निरोप घेतो तेव्हा दोघं ठरवतात, युद्ध संपलं की संध्याकाळी सहाला ‘उ कालिखा’त भेटायचं. एकमेकांपासून लांब जाता जाता ते ओरडून बोलतात ते मरणाबद्दल नाही, देशाबद्दलही नाही. तिथे कोणत्या कारखान्याची बिअर मिळते याबद्दल. युद्धसाहित्यात निरोपाचे प्रसंग शेकड्यांनी आहेत. हा त्यातला सर्वांत माणूसपणाचा आहे, कारण समोर तोफा असताना ही दोन माणसं आपल्या नेहमीच्या संध्याकाळचा हट्ट सोडत नाहीत.

हाशेक कादंबरी पुरी करू शकला नाही. लिप्नित्से गावात राहून, लिहील तसं प्रकाशकाकडे पाठवत असताना ३ जानेवारी १९२३ला तो गेला. वय एकोणचाळीस. बेसुमार पिण्यानं शरीर खचलं होतं. बिअरच्या प्रेमाबद्दल लिहिताना हे वय नोंदवायलाच हवं.

शेजारच्या पोलंडमध्ये १९९१च्या निवडणुकीत एक पक्ष उतरला तो हाशेकच्या नात्यातला वाटतो. यानुश रेविन्स्की हा विनोदी नट. त्यानं ‘पोलिश बिअरप्रेमी पक्ष’ काढला. कल्पना विनोदातून निघाली, पण तिच्यामागे म्हणणं होतं. पोलंड व्होडकानं पोखरलेला होता. लोकांनी व्होडकाऐवजी चांगल्या पबमध्ये बसून, गप्पा मारत बिअर प्यावी, म्हणजे दारूचं व्यसन तरी घटेल, असा त्यांचा कार्यक्रम. कम्युनिस्ट राजवट जाऊन देशाला नुकताच मोकळा श्वास मिळाला होता, आणि लोकांनी या पक्षाचे चक्क सोळा उमेदवार संसदेत पाठवले. खासदार झाल्यावर त्यांच्यात फूट पडली. एका गटाला लोक ‘मोठी बिअर’ म्हणू लागले, दुसऱ्याला ‘छोटी बिअर’. १९९३च्या निवडणुकीनंतर पक्ष संसदेत उरला नाही.

चेक देशातली पुढची मोठी बिअर मात्र थट्टेची नव्हती. १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतर वाच्लाव हावेल या नाटककारावर बंदी आली. १९७४ साली तो त्रुत्नोव्हच्या बिअर कारखान्यात हमालीला लागला. पिंपं ढकलायची, उचलायची, पुन्हा ढकलायची. त्या अनुभवातून त्यानं १९७५मध्ये ‘ऑडियन्स’ ही एकांकिका लिहिली. रंगमंचावर दोनच माणसं. कारखान्याचा मुख्य, आणि त्याच्यासमोर बसलेला बंदी घातलेला लेखक वानेक. मुख्य एकामागून एक बाटल्या फोडतो, वानेकला पाजतो, मधूनमधून लघवीला जातो. वानेकला बिअर आवडत नाही. मुख्य बाहेर गेला की वानेक आपल्या ग्लासातली बिअर गुपचूप त्याच्या ग्लासात ओततो. बोलता बोलता मुख्य मुद्द्यावर येतो. वानेकवर पाळत ठेवून दर आठवड्याला पोलिसांना काहीतरी सांगायचं काम त्याच्या गळ्यात पडलं आहे. सांगायला काही सुचत नाही. वानेक लेखक आहे, तेव्हा स्वतःबद्दलचे अहवाल त्यानंच लिहून द्यावेत! बदल्यात गोदामातलं ऊबदार, हलकं काम मिळेल. वानेक नम्रपणे नकार देतो आणि मग त्या दारुड्याच्या तोंडून जे बाहेर पडतं ते ऐकण्यासारखं आहे. तुम्हाला तत्त्वं परवडतात, तुमच्यासाठी कुणीतरी ओरडणारं आहे, मला कोण आहे? हा प्रश्न खोटा नाही आणि हावेलनं तो खोटा होऊ दिला नाही. म्हणून हे नाटक मोठं आहे.

१९७६मध्ये ते व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये झालं. मायदेशी ते करता येईना. १९७८ला स्वतः हावेलनं वानेकचं आणि पावेल लान्दोव्स्की या नटानं मुख्याचं काम करून त्याचं ध्वनिमुद्रण केलं. स्वीडनमध्ये त्याची तबकडी निघाली, ती चोरून देशात आली, टेपवर टेप उतरवल्या गेल्या. २९ डिसेंबर १९८९ रोजी त्रुत्नोव्हच्या कारखान्यातला हा हमाल चेकोस्लोव्हाकियाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

आणि मग बोहुमिल ह्राबाल. हाशेक जगप्रसिद्ध, हावेल पूज्य, पण बिअरच्या फेसातून चेक भाषेत खरं सोनं कुणी काढलं असेल तर ते ह्राबालनं. १९१४ साली जन्मलेला हा मुलगा बिअरच्या कारखान्यातच वाढला. आईचं आणि सावत्र वडिलांचं जमलं ते पोल्ना गावच्या कारखान्यात. पुढे वडिलांना निंबुर्कच्या कारखान्याची व्यवस्था मिळाली आणि घर तिथे आलं. मग तिथे पेपिन काका आला. ह्राबाल सांगत असे त्याप्रमाणे हा काका पंधरा दिवसांच्या पाहुणचाराला आला आणि चाळीस वर्षं राहिला. तो बोलत नसे, ओरडत असे. सैन्यातल्या, बायकांच्या, मोच्यांच्या गोष्टी एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा निघत राहत. ह्राबाल कायद्याचा पदवीधर. पण तो रेल्वेत फलाटावर राबला, क्लाद्नोच्या पोलाद कारखान्यात राबला, प्रागमध्ये रद्दीचे गठ्ठे बांधत बसला, आणि संध्याकाळी होस्पोदात बसून लोकांचं बोलणं कानात साठवत राहिला. पेपिनच्या बोलण्यावरून त्यानं १९६४मध्ये ‘उतारवयातल्यांसाठी नाचाचे धडे’ हे छोटं पुस्तक काढलं. ते सगळं पुस्तक म्हणजे एकच वाक्य आहे. शेवटच्या पानावरही ते संपत नाही. होस्पोदातला बोलका म्हातारा पूर्णविराम देत नाही, म्हणून लेखकानंही दिलेला नाही.

निंबुर्कच्या त्या घरावर त्यानं लिहिलेली ‘पोस्त्रिझिनी’ ही कादंबरी बिअरवरच्या साहित्यात अव्वल जागी ठेवावी लागेल. सांगणारी आहे मारिश्का, म्हणजे आईवरून रेखाटलेली बाई. केस एवढे लांब की सायकल चालवताना मागे उडतात, आणि गावातली माणसं थांबून बघतात. ती डुकराच्या कापणीत हातापायांवर रक्त उडवत हसते, भूक लागली की खाते, तहान लागली की ग्लास एका दमात रिकामा करते आणि फेसाच्या मिशा पुसते. नवरा फ्रान्त्सिन तिच्यापुढे सतत घाबरलेला. पेपिन काका आल्यावर ती त्याच्यासोबत कारखान्याच्या धुराड्यावर चढून बसते आणि खाली संचालक मंडळ, अग्निशामक दल, सगळे हात जोडून उभे. गावात रेडिओ येतो, अंतरं आखूड होतात, तर मारिश्का ठरवते की सगळंच आखूड करायचं. स्कर्ट, खुर्चीचे पाय, शेवटी केस. लेखकावर बंदी असतानाच्या काळात लिहिलेलं हे पुस्तक अधिकृतपणे बाहेर यायला १९७६ साल उजाडलं. एवढ्या काळोख्या दिवसांत एवढं निर्भेळ आनंदाचं पुस्तक! त्यात सरकारबद्दल एक अक्षर नाही, आणि माणसानं आनंदी राहण्याइतका मोठा विरोध त्या सरकारला दुसरा नव्हता.

यिर्झी मेंझेलनं १९८१मध्ये त्यावर चित्रपट केला. ह्राबालच्याच कथेवरच्या ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’साठी त्याला ऑस्कर मिळालं होतं. नव्या चित्रपटाचं चित्रण झालं ते निंबुर्कला नाही, मोराव्हियातल्या दालेशित्से गावच्या बंद पडलेल्या कारखान्यात. चित्रपट लोकांनी एवढा डोक्यावर घेतला की पुढे तो कारखाना पुन्हा उभा राहिला. आज तिथे बिअर बनते आणि संग्रहालयही आहे. निंबुर्कच्या खऱ्या कारखान्यानं तर आपल्या बिअरलाच या कादंबरीचं नाव दिलं. कादंबरीच्या नावानं पिंपं भरली जातात, हा मान कोणत्या लेखकाच्या वाट्याला येतो? मेंझेलच्याच १९८५च्या ‘माय स्वीट लिटल व्हिलेज’मध्ये ट्रकचालक पावेक बिअरच्या बाटल्या तळघराच्या जिन्यावर ठेवतो, आणि प्यायला योग्य गारवा सातव्या पायरीवरच्या बाटलीला. गावकऱ्यांचं हे शास्त्र चित्रपटानं इतक्या आस्थेनं दाखवलं आहे की देशभर सातवी पायरी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

प्रागच्या हुसोवा रस्त्यावर ‘उ झ्लातेहो तिग्रा’, सोनेरी वाघाचं, होस्पोदा आहे. ह्राबालचं टेबल तिथे. जानेवारी १९९४मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन प्रागला आले, तेव्हा हावेलनं त्यांना इथे आणलं. एकीकडे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, दुसरीकडे पिंपं ढकललेला राष्ट्राध्यक्ष आणि मध्ये आयुष्यभर अड्ड्यावर बसून लोकांचं ऐकणारा ऐंशीला टेकलेला लेखक. तो फोटो तिथे भिंतीवर आहे. आपल्या देशाची ओळख करून देण्यासाठी हावेलला प्रागच्या किल्ल्याहून योग्य जागा ही वाटली, आणि ते बरोबर होतं.

३ फेब्रुवारी १९९७ला ह्राबाल प्रागच्या रुग्णालयाच्या पाचव्या मजल्याच्या खिडकीतून पडून गेला. कबुतरांना दाणे टाकताना तोल गेला, असं सांगण्यात आलं. ह्रादिश्त्को गावच्या स्मशानात त्याला पुरलं ते ओकच्या पेटीत, आणि त्या पेटीवर ‘पोल्ना बिअर कारखाना’ अशी अक्षरं होती. निंबुर्कच्या कारखान्याच्या भिंतीवर त्याच्या नावाची पाटी आहे. ती जमिनीलगत लावली आहे, कारण त्यानं जिवंतपणी सांगून ठेवलं होतं, पाटी लावायचीच तर एवढी खाली लावा की कुत्र्यांना तिच्यावर पाय वर करता यावा. त्याचा शब्द कारखान्यानं पाळला.

या देशातून निघालेलं आणि जगभर गायलं गेलेलं बिअरचं गाणं मात्र मुळात बिअरचं नव्हतंच. यारोमीर वेयवोदा या संगीतकारानं १९२७ साली एक पोल्का रचली. प्रागजवळच्या झ्ब्रास्लावमध्ये तो होस्पोदाही चालवत असे. १९३४ला तिला चेक शब्द मिळाले ते विफल प्रेमाचे. जर्मनीत ती ‘रोझामुंडे’ झाली. १९३९ला अमेरिकेत ‘बिअर बॅरल पोल्का’ झाली, अँड्र्यूज सिस्टर्सनी गायली आणि दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या सैनिकांच्या तोंडी बसली. मिलवॉकी ब्रूअर्स या बेसबॉल संघाच्या मैदानावर सातव्या डावाच्या विश्रांतीत ती अजून वाजते आणि सगळं मैदान उभं राहून गातं.

आजचं चित्र थोडं बदललं आहे. निम्म्याहून अधिक बिअर आता दुकानातून आणून घरी प्यायली जाते, गावोगावचे होस्पोदा बंद पडत आहेत, आणि ही वाईट बातमी आहे. बाटली घरी आली की बिअर राहते, पण पेपिन काका जातो. दुसरीकडे शेकडो लहान कारखाने उभे राहिले आहेत आणि झातेत्सचा हॉपचा मुलूख २०२३मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात मद्याचा अंशही तिथे कायद्याला चालत नाही, आणि बिनमद्याची बिअर तोटीवर मिळते. म्हणजे चालकालाही टेबलावरची जागा सोडावी लागत नाही.

प्रागला गेलात तर सोनेरी वाघात दुपारी तीनच्या आधी पोचा, दार उघडायच्या वेळी रांग असते. राखलेल्या टेबलांवर बसू नका. चिटोऱ्यावर काही लिहू नका, आणि पुरे झालं की चकती ग्लासावर ठेवा.

आणि एक मागणं मराठी अनुवादकांकडे, प्रकाशकांकडे. दिल्ली विद्यापीठात चेक भाषा शिकवली जाते. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मराठी मुलीनं किंवा मुलानं ‘पोस्त्रिझिनी’ इंग्रजीच्या वळशानं न आणता थेट चेकमधून मराठीत आणावी. ओसरीवर, पारावर, चहाच्या टपरीवर गोष्टीला गोष्ट जोडत जाणारी माणसं आपल्या भाषेला नवी नाहीत. पेपिन काकाचं बोलणं पेलण्याची ताकद मराठीत आहे, तेव्हा हे काम कुणीतरी हाती घ्यावं.